आटपाट नगराची चित्रं काढणारे धुरंधर

खुलभर दुधाची कहाणी तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. राजाला शंकराचा गाभारा दुधाने भरायचा होता. दवंडी पिटली, लोकांनी घरातलं सगळं दूध नेऊन ओतलं. पोरं उपाशी, वासरं उपाशी, तरी गाभारा भरेना. मग एका म्हातारीने आधी घरातल्यांना दिलं, वासरांना पाजलं, आणि उरलेलं खुलभर दूध नेऊन वाहिलं. गाभारा भरला. श्रावणी सोमवारी आपल्या आज्या हे सांगत आल्या. कोणी लिहिलं, कोणाला माहीत नाही.

हीच कहाणी १९१४ साली इंग्रजीत छापून आली. पुस्तकाचं नाव ‘डेक्कन नर्सरी टेल्स’. म्हणजे दख्खनच्या बाळगोष्टी म्हणा. रविवारची, सोमवारची, शुक्रवारची कहाणी, नागोबाची, दिव्यांची, असं सगळं आहे त्यात. लिहिणारे किंकेड साहेब, इंग्रज सरकारचे अधिकारी. पुढे पारसनीसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिला तेच हे. आणि चित्रं काढली आपल्या माणसाने, महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले. १८९० मध्ये मुंबईला आले आणि सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. आपल्या हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरलं की चालत जाता येतं तिथे. तेव्हा शाळेचे मुख्य होते ग्रिफिथ्स साहेब, ज्यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. धुरंधर शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पुढे हेडमास्तर झाले, आणि १९३० मध्ये काही काळ संपूर्ण शाळेचे संचालकही. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. १९३१ ला निवृत्त झाले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच आहे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’.

आता जरा पुस्तकात चित्र कसं छापायचे ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सगळ्यात जुनी रीत ठशाची. लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र उलटं काढायचं, रेघा तेवढ्या वर ठेवायच्या आणि बाकीचं कोरून टाकायचं. वर शाई, त्यावर कागद. साडीच्या छापाचा ठसा ज्यांनी हाताळला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. इंग्लंडात न्यूकॅसलला बेविक नावाचा कारागीर होऊन गेला, जन्म १७५३ चा. त्याने कठीण लाकडाच्या आडव्या कापावर इतकं बारीक कोरलं की पक्ष्याचं पीस न् पीस दिसतं. तो स्वतःच चित्र काढायचा, स्वतःच कोरायचा, म्हणून त्याचं नाव राहिलं. एरवी चित्र एकाचं, कोरणारा दुसरा, आणि कोरणाऱ्याला कोण विचारतो? आपल्याकडे मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापाचा छापखाना काढला, १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. शिळाछापात कोरायचं नसतं. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त तेलकट रेघेला धरते. त्या काळच्या जुन्या मराठी पोथ्यांमध्ये चित्रं दिसतात, पण बहुतेकांखाली चित्रकाराचं नाव नसतं.

धुरंधरांच्या वेळेपर्यंत हाफटोन ब्लॉक आला होता. चित्राचा फोटो काढायचा, बारीक जाळीतून त्याचे ठिपके करायचे, ते धातूच्या पत्र्यावर उतरवून बाकीचा भाग आम्लाने खाऊन टाकायचा. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरा, ठिपके दिसतील. यामुळे मधला कोरणारा गेला. त्याचं कामही गेलं, हेही खरंच. पण चित्रकाराचा हात जसाच्या तसा कागदावर आला, आणि कोपऱ्यातली सहीसुद्धा.

धुरंधर सही करायचे. नाव आणि बहुतेक वेळा सालही. म्हणून आज कुठलं काम कधीचं ते सांगता येतं. मुंबईवरच्या एडवर्ड्स साहेबांच्या १९१२ च्या पुस्तकातली चित्रं त्यांची. रोथफेल्ड नावाच्या आणखी एका अधिकाऱ्याचं ‘विमेन ऑफ इंडिया’ १९२० चं, त्यात त्यांची ४८ रंगीत चित्रं आहेत. घरंदाज बाया आहेत, तशी मुंबईची कोळीणही आहे आणि गिरणीत जाणारी बाईही. त्या पुस्तकातला मजकूर वाचताना आम्हाला मधूनमधून राग आला. बायकांकडे बघणारी साहेबाची नजर आहे ती. चित्रं मात्र बघत राहावीत अशी. कासोटा कसा मारलाय, पदर कुठे खोचलाय, सगळं माहितगार माणसाचं. गटातल्या एका कोळीण ताईला कोळणीचं चित्र मोबाईलवर दाखवलं, तर ती म्हणाली, “बाई छान आहे गं, पण दिवाळ्याच्या बाजारात इतकी कोरडी साडी कोणाची असते?” हे पण बरोबरच. धुरंधरांच्या बायका कष्टाच्या असल्या तरी जरा नटलेल्या असतात.

आम्हाला मात्र त्या कहाण्यांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ सोडवत नाही. किंकेड साहेबांचं नाव आहे, धुरंधरांचं आहे. ज्यांनी पिढ्यानपिढ्या व्रताच्या दिवशी मुठीत तांदूळ धरून या कहाण्या सांगितल्या, त्या बायकांपैकी एकीचंही नाही. यात कोणी चोरी केली असं आम्ही म्हणत नाही. चित्रकाराने सही केली, लेखकाने नाव घातलं, बायांना ना सही ना नाव.

हे इतकं लागलं त्याला कारण आहे. मागच्या दिवाळीत आमच्या गटाने भेटकार्डं केली. चित्रं आमच्या एका ताईच्या हातची, दोनशे कार्डं, रात्री जागून. घेणाऱ्यांनी पैसे चोख दिले. पण मागे स्टिकर लागला तो त्यांच्या नावाचा. ताईने विचारलं, माझं नाव कुठंय? आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण ऑर्डर घेताना ते आम्हीच विचारलं नव्हतं.

धुरंधर १९४४ मध्ये गेले. त्यांची मुलगी अंबिका, तीही जे. जे. मध्ये शिकलेली, स्वतः चित्रकार. वडिलांची चित्रं, वह्या, कागद तिने वर्षानुवर्षं जपले आणि ‘माझी स्मरणचित्रे’ हे आपलं पुस्तकही लिहिलं. २००९ साली ती गेली, जवळजवळ सत्त्याण्णव वर्षांची होऊन. २०१८ मध्ये मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं. इतकी चित्रं एका छताखाली बघायला मिळाली, त्यामागे या बाईचं जपणंही आहे.

‘डेक्कन नर्सरी टेल्स’ आता इंटरनेटवर फुकट मिळतं. पुढच्या शनिवारच्या बैठकीत आम्ही ते लॅपटॉपवर लावणार आहोत. इंग्रजी आम्ही वाचून सांगू, कहाणी तुम्ही सांगा, तुमच्या आजीची जशी होती तशी. कोणाच्या आजीने सांगितलेली, तिचं नाव, गाव, हेही वहीत लिहून घेणार आहोत. ज्यांना जवळचं दिसत नाही त्यांनी चष्मा विसरू नका.