गांजा बाळगण्याची शिक्षा (बीड जिल्हा)

गांजा बाळगणे हा बीड जिल्ह्यात, देशात इतरत्र आहे तसाच, ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ (पोलीस ठाण्यात रूढ नाव ‘एनडीपीएस’) अन्वये गुन्हा आहे.

व्याख्या : गांजाच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्याविना आलेली पाने व बिया त्यात धरत नाहीत. म्हणून नुसत्या पानांची भांग या कायद्याबाहेर राहते.

पूर्वपीठिका : इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन या ब्रिटिश सरकारच्या चौकशी आयोगाने (१८९३-९४) गांजावरील संपूर्ण बंदी अनावश्यक ठरवून कर व नियंत्रण सुचवले होते. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात गांजाचे पीक कायदेशीरपणे घेतले जाई.

शिक्षेची रचना : २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा वजनाशी जोडली. १ किलोपेक्षा कमी ते अल्प प्रमाण. २० किलोपेक्षा जास्त ते व्यावसायिक. अल्प प्रमाणाला कमाल सहा महिने कैद होती, ती २०१४ मध्ये एक वर्ष झाली. १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या टप्प्याला दहा वर्षांपर्यंत, तर व्यावसायिक प्रमाणाला दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी. लागवडीला, वजन कितीही असो, दहा वर्षांपर्यंत. ऊस, तूर, कापूस अशा उभ्या पिकात झाडे लावल्याचे गुन्हे मराठवाड्यात नोंदले जातात.

पंचनामा : सारा खटला तराजूवर उभा असतो. देठ, पाने, मुळांची माती यांसकट झाड तोलले, तर ९०० ग्रॅमचा माल सहज किलोपार जातो आणि आरोपी एका वर्षाच्या कलमातून दहा वर्षांच्या कलमात पडतो. फुलोरा वेगळा तोलला का, लाखेची मोहोर व पंचांच्या सह्या जागेवरच झाल्या का, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का (कलम ५२-अ), हे बचाव पक्षाने प्रथम पाहावे.

जामीन : अल्प प्रमाण जामीनपात्र आहे का, यावर मुंबई उच्च न्यायालयाचे २०१० (स्टीफन म्युलर) व २०२० (रिया चक्रवर्ती) मधील निर्णय परस्परविरोधी आहेत.

सुधारणा : वैयक्तिक वापरासाठीचे अल्प प्रमाण गुन्ह्यातून वगळावे, अशी शिफारस केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ मध्ये केल्याचे वृत्त होते. कायद्यात आज असलेली वाट कलम ६४-अ ची : स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनी आरोपीवर अल्प प्रमाणासाठी खटला चालत नाही, उपचार अर्धवट सोडल्यास ही सूट जाऊ शकते. कलम ३९ नुसार अल्प प्रमाणासाठी दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीलाही न्यायालय उपचारासाठी सोडू शकते.

उपचार : अशा उपचारांची चौकशी करता येईल असे शासकीय स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईत आहे.

मूल्यमापन : वजनाची पायरी व्यापारी आणि व्यसनी यांना वेगळे करण्यासाठी आली. फुलोराच तोलला गेला आणि कलम ६४-अ ची माहिती अटकेच्या दिवशीच आरोपीच्या कुटुंबाला मिळाली, तरच ती पायरी न्याय्य ठरते.