भारतातील नरवानर

सस्तन प्राण्यांच्या वर्गातील नरवानर गणाचे जे मानवेतर सदस्य भारतात निसर्गतः आढळतात, त्यांना एकत्रितपणे भारतातील नरवानर असे म्हणतात. जगात या गणाच्या सुमारे ५०० जाती असून त्यांपैकी वीसहून अधिक जाती भारतात आहेत. काही प्राण्यांना स्वतंत्र जाती मानावे की उपजाती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद असल्याने ही संख्या वर्गीकरणानुसार थोडीफार बदलते. भारतीय नरवानरांची तीन कुले आहेत : निशाचर लोरिस, शेपटी असलेली माकडे व वानर, आणि शेपटी नसलेला हुलॉक गिबन.

गावात, देवळांच्या आवारात व घाटरस्त्यांवर दोन-तीन जाती मोठ्या संख्येने दिसतात. त्यामुळे आपल्याकडे माकडे विपुल आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज त्या दोन-तीन जातींपुरताच खरा आहे. उरलेल्या बहुतेक जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्या किंवा दोन नद्यांमधील अरण्यापुरत्या मर्यादित असून त्यांपैकी अनेकींचे अस्तित्व धोक्यात आहे.

नावे

मराठी बोलीभाषेत 'माकड' व 'वानर' या दोन शब्दांत स्पष्ट भेद केला जातो. तांबूस तोंडाचा, गालांत पिशव्या असलेला प्राणी तो माकड. काळ्या तोंडाचा, राखाडी अंगाचा व लांब शेपटीचा तो वानर. वानरांच्या टोळीतील प्रमुख नराला 'हुप्प्या' म्हणतात. हे नाव त्याच्या 'हुप हुप' अशा आवाजावरून पडले आहे. लोकांनी केलेला हा भेद प्राणिशास्त्रालाही मान्य होण्याजोगा आहे, कारण माकडे (मकाका प्रजाती) आणि वानर (सेम्नोपिथेकस व ट्रॅकीपिथेकस या प्रजाती) एकाच कुलातील असली, तरी त्यांची उपकुले वेगळी आहेत. गिबन, ओरांगउटान, गोरिला व चिंपँझी या शेपटी नसलेल्या प्राण्यांसाठी शास्त्रीय लेखनात 'कपी' ही संज्ञा वापरतात.

गणाची लक्षणे व वर्गीकरण

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये या गणाला 'प्रायमेट्स' हे नाव दिले आणि त्यात मानवाचाही समावेश केला. चेहऱ्यासमोर वळलेले डोळे व त्यामुळे येणारी अंतराची अचूक जाण, वस्तू पकडू शकणारे हात, बहुतेक बोटांवर नख्यांऐवजी चपटी नखे, शरीराच्या मानाने मोठा मेंदू, एका वेळी बहुधा एकच पिल्लू आणि दीर्घ बालपण ही गणाची प्रमुख लक्षणे होत.

गणाचे दोन उपगण आहेत. पहिल्यात ओलसर नाकाचे प्राणी येतात : मादागास्करमधील लेमूर, आफ्रिकेतील गॅलॅगो व आफ्रिका-आशियातील लोरिस कुल. दुसऱ्यात कोरड्या नाकाचे प्राणी येतात : आग्नेय आशियातील टार्सियर, मध्य व दक्षिण अमेरिकेतील माकडे, आफ्रिका-आशियातील माकडे व वानर, आणि मानवासह सर्व कपी. लेमूर, टार्सियर व अमेरिकन माकडे भारतात निसर्गतः नाहीत.

लोरिस

लोरिस हे मोठ्या डोळ्यांचे, संथ हालचालींचे निशाचर प्राणी आहेत. दक्षिण भारतातील सडपातळ लोरिस (लोरिस लिडेक्केरिआनस) वजनाने पाव किलोच्या आसपास असतो. फांदीवरून आवाज न करता सरकत तो मुख्यतः कीटक टिपतो. ईशान्य भारतातील बंगाल मंद लोरिस (निक्टिसेबस बेंगालेन्सिस) आकाराने मोठा असून झाडांचा डिंक हा त्याच्या आहाराचा महत्त्वाचा भाग आहे. मंद लोरिसांच्या कोपराजवळील ग्रंथींतून निघणारा स्राव लाळेत मिसळला की त्यांचा चावा विषारी ठरतो. विष असलेले हे एकमेव नरवानर होत.

जादूटोणा व औषधी गुणांविषयीच्या समजुतींमुळे सडपातळ लोरिसची शिकार होत आली आहे. त्याच्या रक्षणासाठी २०२२ मध्ये तमिळनाडूच्या करूर व दिंडिगुल जिल्ह्यांत कडवूर अभयारण्य घोषित झाले. लोरिससाठी राखलेले हे देशातील पहिले अभयारण्य होय.

माकडे

माकडे सर्वभक्षी असतात. गालांतील पिशव्यांत घाईने अन्न भरून घ्यायचे व सुरक्षित जागी जाऊन खायचे, ही त्यांची रीत त्यांना मानवी वस्तीत फार उपयोगी पडते. भारतातील प्रमुख जाती पुढीलप्रमाणे आहेत.

• ऱ्हीसस माकड (मकाका म्युलाटा) : उत्तर व मध्य भारत. शेपूट मध्यम लांबीची, पाठीचा मागील भाग तांबूस.
• टोपी माकड (मकाका रॅडिएटा) : केवळ दक्षिण भारतात. डोक्यावरील केस टोपीसारखे चहूबाजूंस पसरलेले, शेपूट लांब. सह्याद्री, कोकण व गोव्यात दिसणारे माकड हेच.
• सिंहपुच्छ माकड (मकाका सायलेनस) : कर्नाटक, केरळ व तमिळनाडूतील पश्चिम घाटाची सदाहरित वने.
• आसामी, आखूडशेपट्या व वराहपुच्छ माकड : तिन्ही ईशान्य भारतात. आसामी माकड हिमालयाच्या पायथ्यानेही आढळते.
• अरुणाचल माकड (मकाका मुंझाला) : तवांग व पश्चिम कामेंग जिल्ह्यांतील उंच डोंगर.
• निकोबारचे लांबशेपट्या माकड : ग्रेट निकोबार, लिटल निकोबार व कच्छल ही बेटे.

अरुणाचल माकडाची शास्त्रीय नोंद भारतीय संशोधकांनी २००५ मध्ये केली. स्थानिक मोन्पा लोकांना हा प्राणी अर्थातच आधीपासून ठाऊक होता. 'मुंझाला' हे नाव त्यांच्याच भाषेतील असून त्याचा अर्थ 'घनदाट अरण्यातील माकड' असा आहे.

सिंहपुच्छ माकड काळेभोर असून त्याच्या तोंडाभोवती राखाडी आयाळ व शेपटीच्या टोकाला गोंडा असतो. ते क्वचितच जमिनीवर उतरते. चहा-कॉफीचे मळे, रस्ते व धरणे यांमुळे सलग अरण्याचे तुकडे झाले, तशा त्याच्या टोळ्या एकमेकींपासून तुटल्या. केरळमधील सायलेंट व्हॅली येथे कुंतीपुळा नदीवर जलविद्युत प्रकल्प आखला गेला, तेव्हा हे माकड त्याविरुद्धच्या आंदोलनाचे प्रतीक बनले. केरळ शास्त्र साहित्य परिषद व कवयित्री सुगतकुमारी यांचा त्यात मोठा वाटा होता. अखेर प्रकल्प रद्द होऊन १९८४ मध्ये सायलेंट व्हॅलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

वानर

वानर मुख्यतः पर्णाहारी आहेत. त्यांच्या जठराचे अनेक कप्पे असतात व त्यांत सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने पाने आंबवून पचवली जातात. गालांत पिशव्या नसतात. राखाडी वानर राजस्थानच्या कोरड्या प्रदेशापासून हिमालयातील ३,००० मीटरहून अधिक उंचीपर्यंत पसरलेले आहेत. पूर्वी हे सर्व एकाच जातीचे मानले जात. आता त्यांच्या अनेक जाती मानल्या जातात. मेळघाट, ताडोबा यांसारख्या अरण्यांत वानर व चितळ यांचे साहचर्य दिसते. वानरांनी पाडलेली पाने-फळे चितळ खातात, तर वाघ-बिबट्याची चाहूल लागताच वानरांनी दिलेली हाक चितळांना सावध करते.

वानरांच्या समाजजीवनाच्या अभ्यासात भारताला विशेष स्थान आहे. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६० च्या दशकात धारवाडजवळ केलेल्या निरीक्षणांत असे दिसले, की टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो. पुढे सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर याचा अभ्यास केला. पिल्लू गेल्यावर मादी लवकर पुन्हा माजावर येते व त्यामुळे नव्या नराचा वंश वाढतो, हे त्यांचे स्पष्टीकरण १९७७ च्या त्यांच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाले.

इतर वानरांचे प्रदेश अरुंद आहेत. काळा निलगिरी वानर पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, तर टोपीवाला वानर व डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढरी वर्तुळे असणारा फायरचा वानर ईशान्य भारतात राहतो. सोनेरी वानर (ट्रॅकीपिथेकस गीई) फक्त आसामचा पश्चिम भाग व भूतानमध्ये आढळतो. पश्चिमेस संकोश, पूर्वेस मानस आणि दक्षिणेस ब्रह्मपुत्रा या नद्या त्याच्या प्रदेशाच्या सीमा होत. त्याचे शास्त्रीय नाव निसर्गप्रेमी ई. पी. गी यांच्यावरून १९५६ मध्ये देण्यात आले.

हुलॉक गिबन

हुलॉक गिबन हा भारतातील एकमेव वन्य कपी होय. नर काळा व पांढऱ्या भुवयांचा, तर प्रौढ मादी पिंगट असते. तो लांब हातांनी एका फांदीवरून दुसरीवर झोके घेत जातो, नर-मादीच्या जोडीने राहतो आणि सकाळी ही जोडी मोठ्या आवाजात एकत्र गाते. गिबन पोहत नाहीत. त्यामुळे भारतातील त्यांचा प्रदेश ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेस व दिबांगच्या पूर्वेस मर्यादित आहे.

आसामच्या जोरहाट जिल्ह्यातील होलोंगापार गिबन अभयारण्य केवळ सुमारे २१ चौ. किमी. आहे, पण तेथे नरवानरांच्या सात जाती नांदतात : हुलॉक, मंद लोरिस, टोपीवाला वानर आणि चार जातींची माकडे. अभयारण्याच्या चारी बाजूंना चहाचे मळे व वस्ती असून मधून लोहमार्ग जातो. जमिनीवर सहसा न उतरणाऱ्या गिबनला रुळांमुळे पडलेली झाडांमधील फटही ओलांडता येत नाही. त्यामुळे झाडांच्या शेंड्यांना जोडणारे कृत्रिम पूल उभारण्याचे प्रयत्न झाले आहेत.

जीवाश्म

हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत शिवापिथेकस या कपीचे जीवाश्म सापडले आहेत. ते सुमारे सव्वा कोटी ते ८५ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. तेथीलच रामापिथेकस हा एके काळी मानवाचा पूर्वज समजला जाई. नंतर मिळालेल्या अधिक पूर्ण अवशेषांवरून तो शिवापिथेकसच असून त्याचे नाते ओरांगउटानशी असल्याचे दिसून आले.

मानवाशी संबंध

हनुमानावरील श्रद्धेमुळे भारतात माकड-वानरांना अभय मिळत आले आहे. दुसरीकडे, वैद्यकीय संशोधनासाठी ऱ्हीसस माकडांची भारतातून मोठी निर्यात होई. रक्तातील आरएच घटकाचे नाव याच माकडावरून पडले आहे. ही निर्यात १९७८ मध्ये बंद करण्यात आली.

शेतीचे नुकसान हा आज तीव्र प्रश्न आहे. कोकणात आंबा, काजू, नारळ व भाजीपाला यांची माकडे व वानर मोठी हानी करतात. हिमाचल प्रदेशात यावर उपाय म्हणून माकडांच्या निर्बीजीकरणाची मोहीम घेण्यात आली. बागायतदाराचे नुकसान खरे असते. परंतु अरण्यातील फळझाडे कमी होणे, उघड्यावर टाकलेले खरकटे आणि पर्यटकांनी खाऊ घालणे ही कारणे तशीच राहिली, तर माकडे पकडून दूर सोडल्याने प्रश्न सुटत नाही, केवळ दुसऱ्या गावी जातो.

माकडताप हा गोचिडींमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. तो पुढे गोवा व सिंधुदुर्गातही आढळला. त्यात माकडे व वानर स्वतःच बळी पडतात. म्हणून जंगलात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य यंत्रणेस कळवणे आवश्यक असते.

संवर्धन

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हुलॉक, लोरिस, सिंहपुच्छ माकड, सोनेरी वानर इत्यादींना सर्वोच्च संरक्षण आहे. तथापि झाडांवरच जगणाऱ्या प्राण्यांना शिकारबंदी पुरेशी नसते. त्यांना फांद्यांचा सलग मार्ग लागतो.

सर्वपरिचित जातींविषयीही निश्चिंत राहता येत नाही. ऱ्हीसस व टोपी माकडांच्या प्रदेशांची सीमा पूर्वी साधारणतः तापी व गोदावरी या नद्यांच्या अनुरोधाने मानली जाई. ऱ्हीसस माकडे आता दक्षिणेकडे सरकत असून अनेक ठिकाणी टोपी माकडांची जागा घेत आहेत. पकडलेली माकडे दूर नेऊन सोडण्याच्या प्रथेचाही यास हातभार लागतो. टोपी माकड दक्षिण भारताबाहेर जगात कोठेही नसल्याने, घाटात नित्य दिसणाऱ्या या प्राण्याची गणना व त्याच्या मूळ प्रदेशाचे रक्षण यांना संशोधक महत्त्व देतात.