मुक्त व्यवसाय : पहिल्या कामानंतरची वर्षे

कोणाच्याही हजेरीपटावर नाव नसलेल्या व्यावसायिकाला ‘फ्रीलान्सर’ म्हणण्याची पद्धत आता मराठीतही रुळली आहे. वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीत हा शब्द भाडोत्री भालाईतांसाठी आला होता. मोहीम संपली की भालाईताला नवा धनी शोधावा लागे. अनुवादक, छायाचित्रकार, मांडणीकार, संवादलेखक यांची स्थिती याहून फार निराळी नाही. पहिले काम कौशल्यावर किंवा ओळखीवर मिळते. दहा-वीस वर्षे टिकण्याचा प्रश्न मात्र बव्हंशी दर, वसुली आणि हक्क यांचा असतो.

दर ठरवताना होणारी चूक सार्वत्रिक आहे. दरमहा ५० हजारांची नोकरी सोडणारा तीस दिवसांचा भागाकार करून आपला दिवसाचा दर काढतो. प्रत्यक्षात सुट्ट्या, आजारपण, कामाचा शोध, देयकांचा पाठपुरावा हे सारे वगळता वर्षाकाठी मोबदल्याचे दिवस १५० च्या आसपास धरणे शहाणपणाचे. वर्षाच्या सहा लाखांना १५० ने भागल्यास दर ४ हजारांवर जातो, आणि त्यात संगणक, वीज, विमा किंवा मालकाकडून मिळणारा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा यांतले काहीच धरलेले नसते.

खरी कसोटी थकबाकीची. जाहिरात वा प्रकाशन क्षेत्रात देयक दोन-तीन महिने रखडणे नवलाचे मानले जात नाही. याबाबत २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा पुष्कळांना ठाऊक नसतो. सेवा पुरवणारी एकटी व्यक्तीही ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणून जुलै २०२० पासून सुरू झालेल्या ‘उद्यम’ संकेतस्थळावर विनाशुल्क नोंदणी करू शकते. लेखी करार असल्यास त्यातील मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे ग्राहकावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे जाते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. नोंदणी मात्र काम स्वीकारण्यापूर्वीच झालेली असावी.

तरीही हे शस्त्र म्यानातून क्वचितच बाहेर येते. तक्रार केली की ग्राहक तुटतो, ही भीती निराधार नाही. उत्पन्नाचा निम्माअधिक भाग एकाच ग्राहकाकडून येत असेल तर ती भीती म्हणजे रोजचे वास्तव होय. म्हणूनच चार-पाच ग्राहक राखणे हा केवळ उत्पन्नाचा प्रश्न नाही. त्याशिवाय कायद्याने दिलेला हक्क वापरताच येत नाही. मध्यममार्गही आहे : देयकावर उद्यम क्रमांक छापावा. २०२३ च्या वित्त कायद्याने आलेल्या तरतुदीनुसार मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष अदा होईपर्यंत ग्राहकाला करासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाही. कंपनीचा लेखा विभाग त्या क्रमांकाकडे सहसा काणाडोळा करीत नाही.

हक्कांच्या बाबतीत १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा सर्वांना सारखा लागू पडत नाही. मोबदला घेऊन केलेल्या अनुवादाचा पहिला हक्कधारक अनुवादकच असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क मात्र, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो. हक्क लिहून देताना मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता, असे कायदा मानतो. करारातील ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे दोन शब्द त्यामुळेच महाग असतात.

कामाचे स्वरूपही स्थिर राहत नाही. एप्रिल २०१७ मध्ये गूगलचे नवे यांत्रिक अनुवादतंत्र मराठीसह नऊ भारतीय भाषांना मिळाले. तेव्हापासून साध्या मजकुराऐवजी यंत्राचा अनुवाद तपासून देण्याचे काम, अर्थातच कमी दराने, वाढत गेले. कायदा, वैद्यक वा जपानी-जर्मन तांत्रिक मजकूर यांसारख्या एखाद्या विषयात मुरलेल्यांना त्याची झळ तुलनेने उशिरा पोहोचते.

करांचे गणित फारसे अवघड नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्यास बहुतेक राज्यांत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. १० हजारांहून अधिक प्राप्तिकर देय असल्यास आगाऊ कराचे हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चच्या १५ तारखेस भरावे लागतात. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेले बरे.

निवृत्तीसाठी १५ वर्षांचे पीपीएफ खाते आणि २००९ पासून सर्व नागरिकांना खुली असलेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना उपलब्ध आहे. आरोग्य विमा मात्र नोकरी सोडण्याआधीच स्वतःच्या नावे घ्यावा. कंपनीचे सामूहिक कवच राजीनाम्यासोबत सहसा संपते, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो.