कहव्यावरचा खटला

गेल्या रमजानातली गोष्ट. मार्चचं ऊन तापलेलं. मुलगी पुण्याहून सुट्टीला घरी आली होती. पहिल्याच सहरीला तिने ओट्यावर स्टीलचं पातेलं काढलं, त्यात जाडसर दळलेली कॉफी टाकली, माठातलं पाणी ओतलं, चमच्याने ढवळलं, वर ताटली झाकली आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवून दिलं. गॅस पेटवला नाही, दूध नाही, साखर नाही.

"हे काय गं?" तिच्या अम्मीने विचारलं.

"कोल्ड ब्रू, अम्मी. इफ्तारला तयार होईल. आपला रोजा आणि हिचा रोजा एकदमच सुटेल."

संध्याकाळी मगरिबनंतर तिने ती कॉफी मलमलच्या कपड्यातून गाळली, बर्फ टाकला, थोडं दूध घातलं आणि पेले भरले. त्या दिवशी मोहल्ल्यातले एक चाचा इफ्तारला आले होते. वडीलधारे, नमाजी, मनाने चांगले. पेला हातात घेऊन त्यांनी वास घेतला आणि खाली ठेवला.

"दिवसभर पाण्यात सडवलेलं आहे ना हे? आणि नाव काय म्हणालीस, ब्रू? ब्रू तर बिअर करतात त्याला म्हणतात. बेटा, हे चालतं का आपल्यात? परवाच मोबाईलवर काहीतरी आलं होतं."

मुलीचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर माणूस. मला चाचांचा राग आला नाही, उलट हसू आलं. कारण ज्या पेयावर ते शंका घेत होते, त्याच पेयावर, जवळजवळ याच कारणासाठी, पाचशे वर्षांपूर्वी खुद्द मक्का शरीफमध्ये खटला चालला होता. त्या रात्री तरावीहनंतर मुलीला तो सांगितला. तोच इथे लिहितो.

कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या डोंगरातलं. पण तिचं पेय करून पिण्याची रीत आपल्याला पहिल्यांदा नीट दिसते ती समुद्रापलीकडच्या यमनमध्ये, पंधराव्या शतकात, आणि तीही सूफींच्या खानकाहांत. रात्रभर जिक्र करायचं, डोळा लागू द्यायचा नाही, म्हणून ते हा काढा पीत. पहिला मान कोणाला, याबद्दल दोन परंपरा आहेत. एक एडनच्या अज्-जभानी नावाच्या आलिमांचं नाव घेते, दुसरी मोखा बंदरातल्या अली इब्न उमर शाजिली या बुजुर्गांचं.

यमनी विद्यार्थ्यांबरोबर कहवा कैरोला पोचला. तिथे अल-अजहरच्या यमनी वस्तीत सूफी मंडळी जिक्रच्या रात्री मातीच्या मोठ्या भांड्यात कहवा घेऊन बसत. मुर्शद लहानशा पळीने तो वाढत आणि पेला उजवीकडून फिरत जाई. हे वर्णन आपल्यापर्यंत आलं ते अब्दुल कादिर अल-जझीरी या हंबली आलिमांच्या ग्रंथामुळे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी कहवा हलाल आहे हे दाखवण्यासाठी अख्खा ग्रंथ लिहिला. एका पेयासाठी अख्खा ग्रंथ लिहावा लागला, यावरूनच वाद किती पेटला होता ते कळतं.

आता खटल्याकडे. हिजरी ९१७, म्हणजे इसवी सन १५११. मक्केवर तेव्हा कैरोच्या मामलूक सुलतानाची सत्ता होती. सुलतानाचा तिथला मुहतसिब, म्हणजे बाजारावर आणि लोकांच्या वर्तनावर नजर ठेवणारा अधिकारी, होता खाइर बेग. एका रात्री हरम शरीफजवळून घरी जाताना त्याला कंदिलांच्या उजेडात काही लोक बसलेले दिसले. एक पेला हातोहात फिरत होता. याला पाहताच त्यांनी कंदील विझवले. झालं! अंधार, पेला आणि टोळकं. खाइर बेगच्या मनात शराबच आली. चौकशी केली तेव्हा कळलं की तो कहवा होता, आणि शहरात तो जागोजागी विकला जात होता.

शंकेला आणखी एक कारण होतं. अरबी भाषेत 'कहवा' हा शब्द कॉफीच्या आधीपासून होता आणि जुन्या शायरीत तो शराबसाठी वापरत. म्हणजे पेय नवं, पण नाव बदनाम. आमच्या चाचांना 'ब्रू' या शब्दाने जे झालं, तेच मक्केच्या लोकांना 'कहवा' या शब्दाने झालं होतं.

दुसऱ्या दिवशी खाइर बेगने आलिमांची सभा बोलावली. कॉफीचं भांडं पुराव्यादाखल समोर ठेवलं होतं. या सभेत आलिमांनी जे म्हटलं ते मला फार मोलाचं वाटतं. लोक एकत्र जमून जे गैर प्रकार करतात ते वाईटच, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण खुद्द त्या वनस्पतीबद्दल त्यांनी फिकहचा जुना उसूल सांगितला: अल्लाहने निर्माण केलेली वस्तू मुळात मुबाह, म्हणजे वापरायला मोकळी असते, आणि ती हराम ठरवायची तर दलील दाखवावी लागते. याला इबाहतचा उसूल म्हणतात. म्हणजे पिणाऱ्याने हलाल सिद्ध करायचं नाही, रोखणाऱ्याने हराम सिद्ध करायचं. शरीराला अपाय होतो का, नशा येते का, हे हकिमांना विचारा, असं ते म्हणाले.

खाइर बेगने दोन हकीम भाऊ उभे केले. त्यांनी युनानी हिशोबाने सांगितलं की कॉफी प्रकृतीला अपायकारक आहे. मग सभेतले आणखी काही जण पुढे आले आणि कॉफीने आपली बुद्धी फिरली होती अशी साक्ष देऊ लागले. एक जण तर म्हणाला की हिची नशा थेट शराबसारखी असते. त्याला विचारलं गेलं, शराबची नशा कशी असते हे तुला कसं ठाऊक? तो बिचारा आपल्याच साक्षीत अडकला आणि त्याला शराब प्यायल्याची सजा झाली, असं सांगतात. माझ्या वर्गात हा भाग आला की मुलं पोट धरून हसतात.

तरी निकाल बंदीचाच लागला. मक्केत कॉफीच्या बिया रस्त्यावर जाळल्या गेल्या, विकणाऱ्यांना फटके बसले. पण सभेचा अहवाल कैरोला गेला आणि सुलतान कान्सूह गौरीचं उत्तर आलं ते वेगळंच. जमावात गैर प्रकार होत असतील तर ते रोखा, असा त्याचा रोख होता. कॉफीवर सरसकट बंदी त्याने घातली नाही. पुढच्याच वर्षी खाइर बेगच्या जागी दुसरा अधिकारी आला आणि मक्केत कहवा पुन्हा उकळू लागला.

वाद मात्र इथे संपला नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलला कहवाखाने उघडले आणि तिथेही फतवे निघाले. भाजून कोळसा झालेली वस्तू खाणं जायज नाही, असाही एक मुद्दा पुढे आला. १६३३ मध्ये सुलतान मुराद चौथ्याने कहवाखाने बंद पाडले. त्याला धर्माची काळजी किती आणि तिथे बसून लोक राज्यकारभारावर बोलतात याची धास्ती किती, हा प्रश्नच आहे. लोक एकत्र बसतात, जागे राहतात आणि बोलतात, याची भीती सत्तेला नेहमीच वाटत आली आहे. बंदीची कारणं मजहबच्या भाषेत मांडली गेली, पण बऱ्याचदा दुखणं दुसरंच होतं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कॉफी भारतात आली कशी, असं विचारलं की आपण लगेच बाबा बुदान यांचं नाव घेतो. हजहून परतताना त्यांनी मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि आजच्या कर्नाटकातल्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. कोणी म्हणतं दाढीत लपवल्या, कोणी म्हणतं कमरेला बांधल्या. साल बहुतेक ठिकाणी १६७० च्या आसपासचं दिलेलं असतं. मीही ही कथा वर्गात सांगतो, पण ती रिवायत म्हणून सांगतो. ती लोकांच्या तोंडून आलेली आहे. त्या काळच्या कागदावर आधारलेला इतिहास म्हणून ती सांगता येत नाही. खाइर बेगच्या सभेतल्या साक्षींना पुरावा मागायचा आणि आपल्या अभिमानाच्या गोष्टीला मात्र मागायचा नाही, हे बरोबर नाही.

कागद काय सांगतो? इंग्रज वकील सर थॉमस रो जहांगीरच्या दरबारी असताना एडवर्ड टेरी नावाचा पाद्री त्याच्याकडे होता. १६१६ नंतरची ही गोष्ट. इथले दीनदार लोक शराबला शिवत नाहीत आणि तिच्याऐवजी कॉफी पितात, असं तो नोंदवून गेला. ही काळी बी उकळून केलेलं पेय चवीपेक्षा तब्येतीला बरं, असं त्याचं मत. म्हणजे त्या सात बियांच्या आधीपासून कॉफीचं पेय हिंदुस्थानात होतं. त्यात नवल नाही. सुरतेहून आणि त्याआधी आपल्या कोकणातल्या दाभोळहून हाजींची आणि व्यापाऱ्यांची जहाजं लाल समुद्रात जात. माणसं गेली की सवयी येतात. पुढे अठराव्या शतकात दख्खनचा दरगाह कुली खान निजामाबरोबर दिल्लीला गेला. तोच पुढे औरंगाबादचा सुभेदार झाला. दिल्लीवर त्याने फारसीत जे लिहिलं, त्यात चांदणी चौकातल्या कहवाखान्यांत शायर कसे जमत याचं वर्णन आहे. आपली उर्दू शायरी कॉफीच्या वासात वाढली आहे, हे आपण विसरलो. नंतर चहा आला आणि त्याने सगळं झाकून टाकलं.

याने बाबा बुदान लहान होत नाहीत. पिणं आधीपासून असेल, पण भारतात कॉफीची लागवड ज्या डोंगररांगेशी जोडली गेली, तिला आजही त्यांचंच नाव आहे. तिथल्या स्थानाला मुसलमान दर्गा मानतात, हिंदू दत्तपीठ मानतात, आणि त्यावरून कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या चालू आहेत. ज्या डोंगराने सगळ्यांच्या पेल्यात एकच पेय दिलं, तिथे मालकी कोणाची यावर भांडण व्हावं, याचं वाईट वाटतं. महाराष्ट्रात तर दत्त घराघरांत आहेत. आपल्याला तरी हे समजायला हवं.

मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग अब्बा, चाचांना काय सांगू?"

मी म्हटलं, उसूल लाव. नाव सोड, वस्तू बघ. चाचांच्या मनात नबीज होती. खजूर पाण्यात भिजवून केलेली नबीज पिणं जायज, पण ती जास्त दिवस राहून फसफसली, नशा आणू लागली, की मना. त्यांची शंका त्या अर्थाने अज्ञानाची नव्हती. पण भाजलेल्या कॉफीत आंबायला साखर जवळजवळ उरलेली नसते, आपण खमीर घालत नाही, आणि ती बारा-चौदा तास गारव्यात असते. पाणी फक्त तिचा रंग, चव आणि कॅफिन काढून घेतं. गरम पाणी हे काम चार मिनिटांत करतं, पण त्याबरोबर कडवटपणा आणि आंबटपणाही जास्त ओढतं. थंड पाणी सावकाश काढतं, म्हणून चव मवाळ लागते. चाचांना दलील दे. आवाज चढवू नकोस.

ज्यांना घरी करून पाहायची आहे त्यांच्यासाठी आमच्या घरचं माप देतो. चिकोरी नसलेली कॉफी घ्या. मिश्रण असेल तर पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. आख्ख्या भाजलेल्या बिया मिळाल्या तर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा आणि जाड रव्याइतकंच दळा. फिल्टर कॉफीची बारीक पूड घेतली तर गाळताना चिखल होतो. ६० ग्रॅम कॉफीला अर्धा लिटर पिण्याचं पाणी. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ढवळून झाकून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भांडं बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्येच ठेवा. बारा ते सोळा तासांनी आधी चहाच्या गाळणीतून आणि मग दुहेरी मलमलमधून गाळा. कपडा पिळू नका. पिळला की गाळ आणि कडूपणा खाली उतरतो. जे निघेल ते दाट असतं, त्यात तेवढंच पाणी किंवा दूध घालून प्या. उरलेलं बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडाभर चालतं. थंड आहे म्हणून हलकी समजू नका, कॅफिन हिच्यात भरपूर असतं. इफ्तारला उपाशीपोटी एकदम पेलाभर नको. आधी खजूर, पाणी, थोडं खाणं, मग कॉफी.

सत्ताविसाव्या रात्री चाचा पुन्हा आले. मुलीने त्यांना मक्केच्या सभेची हकीकत सांगितली, शराबची चव ठाऊक असणाऱ्या साक्षीदारासकट. चाचा मनापासून हसले. मग त्यांनी बिस्मिल्लाह म्हणून पेला उचलला, दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं.

"हलाल तर आहे, बेटा," ते म्हणाले, "पण मला चहाच दे."

मुलीने चहा टाकला. आम्ही बाकीचे कहवा पिऊन फजरपर्यंत जागे राहिलो.