छात्राध्यापक आणि वर्गातील तंत्रज्ञान

कल्याणहून कर्जतकडे जाताना वांगणीनंतर रायगड जिल्ह्यातील पहिले रेल्वे स्थानक लागते ते शेलू. कर्जत तालुक्याच्या या भागात ठाकूर व कातकरी वाड्या पुष्कळ आहेत. अशा परिसरात सराव पाठ घेणाऱ्या छात्राध्यापकाला यंत्र हाताळण्यापेक्षा ते केव्हा वापरावे, हे शिकणे अधिक कठीण जाते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाला स्थान मिळाले आणि प्रत्यक्ष शालेय अनुभवाचा काळ वाढला. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे शासकीय व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत मोबाइलने टिपला की त्या पाठाचे दृक्‌श्राव्य साहित्य उघडते. ते आधी उतरवून ठेवता येत असल्याने वर्गात इंटरनेट नसले तरी अडत नाही. पाठ टाचणाइतकीच ही पूर्वतयारी महत्त्वाची. पुस्तकातील क्यूआर संकेताचा वापर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी लोकप्रिय केला. त्यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला.

तथापि प्रमाण मराठीतील चित्रफीत कातकरी बोली बोलणाऱ्या मुलाला परकीच वाटू शकते. तेथे मोबाइलचा साधा ध्वनिमुद्रक उपयोगी पडतो. मुलांनी सांगितलेली झाडांची, माशांची नावे मुद्रित करून वर्गात ऐकवावीत आणि मग पुस्तकातील शब्दाकडे वळावे. कित्येक कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात, त्यांच्या मुलांचा बुडालेला अभ्यास मात्र पडद्यावरील पाठाने आपोआप भरून निघत नाही.