जुन्या यंत्राची आकारणी : कार्यप्रणालीच्या निवडीविषयी एक टिपण

मुंबई इलाख्यातील जमीन-मोजणीचा इतिहास इंदापूर तालुका वगळून लिहिता येत नाही. रॉबर्ट प्रिंगल यांनी निव्वळ उत्पन्नाचे सूक्ष्म गणित मांडून ठरविलेले दर १८३० मध्ये येथे लागू झाले. गणित शास्त्रशुद्ध दिसत होते. परंतु जमिनीच्या कुवतीशी त्याचा मेळ बसला नाही. थकबाकी वाढली, शेते ओस पडली. पुढे गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमिनीची प्रत सोप्या रीतीने ठरवून १८३६ पासून तीस वर्षांसाठी हलकी आकारणी केली. आधी जमिनीची प्रत पाहावी, मग दर बसवावा, हा त्या प्रकरणाचा बोध होय.

जुन्या संगणकासाठी कार्यप्रणालीची आवृत्ती निवडताना हाच बोध उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखकाने बारामती व इंदापूर तालुक्यांतील बोलींचे शब्द ज्या संगणकावर नोंदविले, तो बत्तीस-बिटी असून त्याची स्मृती एक गिगाबाइट आहे. त्यावर विंडोज एक्सपी चालते. शब्द सांगणाऱ्यांपैकी काहीजण आज हयात नाहीत. तेव्हा प्रश्न केवळ यंत्राच्या सोयीचा नाही.

मराठीच्या दृष्टीने या आवृत्त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. भारतीय लिप्यांची सांकेतिक प्रमाणपद्धती १९९१ मध्ये निश्चित झाली. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तथापि विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी प्रथम आली ती २००० सालच्या आवृत्तीत. २००१ च्या एक्सपीमध्ये ती सोय तबकडीवरून वेगळी बसवावी लागे. त्यामुळे पुष्कळ लेखन जुन्या फाँटांतच होत राहिले. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठविला जाई. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने व्यंजन आधी येते. फाँट हरवला की असा मजकूर निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग होतो. शिवाय काही लेखनसंचांना यंत्राच्या मागे लावावयाचे छोटे कुलूप लागे. नव्या आवृत्तीत ते ओळखले जाईलच याची शाश्वती नसते.

आता यंत्राची प्रत पाहू. विंडोज ११ ला चौसष्ट-बिटी प्रक्रियक व चार गिगाबाइट स्मृती लागते; ती येथे अशक्य. विंडोज ७ ला किमान एक गिगाबाइट पुरते, पण तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. एक्सपीचा तर ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबला होता. मुक्त प्रणालींपैकी डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीने बत्तीस-बिटी यंत्रांसाठीचा स्थापक देणे बंद केले. म्हणून जून २०२३ ची बारावी आवृत्ती, हलक्या पटलासह, या यंत्रास त्यांतल्या त्यांत मानवते. अर्थात तिचेही आयुष्य मर्यादित आहे, आणि आजची जड संकेतस्थळे त्यावर सुखाने उघडतील अशी अपेक्षा करू नये.

परंतु आवृत्ती ठरली म्हणून जुनी लगेच पुसावी असे नव्हे. प्रथम एक्सपी महाजालापासून तोडून तशीच ठेवावी. फाइलींच्या व फाँटांच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी घ्याव्यात. मग मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून तो मूळ पडद्याशी ताडून पाहावा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोरी. रूपांतरात हे दोन रकार एक झाले तर शब्दसंग्रहात चूक शिरते आणि पुढील अभ्यासक तिलाच बोलीचे वैशिष्ट्य समजतो. हे ताडणे जुनी प्रणाली जिवंत असेपर्यंतच शक्य आहे.

मोडी दफ्तरे वाचणारे विरळ झाले, तरी कागद उरला म्हणून लिपी पुन्हा शिकता आली. संगणकीय दफ्तराला तेवढी सवड मिळत नाही. त्याचे वाचन आणि त्याचे यंत्र ही एकाच वेळी जातात. म्हणून नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी जुनीकडून तिचे सर्व देणे वसूल करून घ्यावे.