पोर्ट एक, दावेदार दोन

१९९०च्या दशकातील संगणकाच्या पाठीमागे २५ छिद्रांचे एक पॅरलल पोर्ट असे. प्रिंटरची केबल त्यात बसे. पुढे १०० मेगाबाइटच्या चकत्या वापरणारा झिप ड्राइव्ह आला. त्याचा एक प्रकार याच पोर्टला जोडायचा आणि प्रिंटर ड्राइव्हच्या मागे लावायचा, अशी सोय होती. तारा जुळल्या, पण लिनक्स या कार्यप्रणालीच्या २.० आवृत्तीत ही दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालत नसत. असे का व्हावे?

कार्यप्रणालीच्या मध्यवर्ती भागाला कर्नल, म्हणजे गाभा, म्हणतात. उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये तो सहसा गाभ्यातच राहतो. आपण वापरतो ते साधे प्रोग्रॅम एकमेकांच्या स्मृतीत ढवळाढवळ करू शकत नाहीत. गाभ्यात मात्र अशा भिंती नसतात. एका ड्रायव्हरने चुकीच्या जागी लिहिले, तर सारा संगणक बंद पडू शकतो.

हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले, तेव्हा ड्रायव्हर गाभ्यातच बांधलेले असत. नव्या उपकरणासाठी गाभा पुन्हा बांधावा लागे. १९९५ मधील १.२ आवृत्तीत मॉड्यूल आले आणि चालू गाभ्यात ड्रायव्हर घालता-काढता येऊ लागला. पण त्याबरोबर एक प्रश्नही आला. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या या मॉड्यूलांनी एकमेकांची माहिती वापरायची कशी?

प्रिंटर आणि झिप ड्राइव्ह यांचे ड्रायव्हर असेच एकमेकांना परके होते. पोर्ट आपलेच, असे दोघेही धरून चालत. जानेवारी १९९९ मधील २.२ आवृत्तीत यावर उपाय आला, तो ‘पारपोर्ट’ या तिसऱ्या मॉड्यूलचा. पोर्टची माहिती आता त्याच्या ताब्यात आली. इतरांनी त्याच्याकडे नाव नोंदवायचे, काम असेल तेव्हा पोर्ट मागायचे आणि संपले की परत करायचे. शाळेतला एकुलता एक चांगला सूक्ष्मदर्शक दोन वर्गांना हवा असला, की प्रयोगशाळा सहायक नोंदवही ठेवतो, तसेच हे.

या व्यवस्थेला तीन गोष्टी लागतात. पहिली, नाव. मॉड्यूल आपली काही नावे जाहीर करते आणि नंतर येणारे मॉड्यूल ती गाभ्याच्या यादीत शोधते. दुसरी, मोजणी. प्रिंटरचा ड्रायव्हर पारपोर्ट वापरत असेतो पारपोर्ट काढता येत नाही. काढले तर तो ड्रायव्हर नाहीशा झालेल्या जागेवर विसंबून राहील. तिसरी, पाळी. एकाच माहितीवर दोघांनी एकदम हात टाकू नये म्हणून कुलूप लागते.

या गोष्टी हळूहळू नेटक्या झाल्या. २.४ आवृत्तीपर्यंत मॉड्यूलने वेगळे काही सांगितले नाही, तर त्यातली खासगी नसलेली सगळी नावे इतरांना दिसत. डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीत हा नियम उलटला : जाहीर कराल तेवढेच दिसेल. कुलपांचेही तसेच. अनेक प्रोसेसर चालवण्यासाठी १९९६ च्या २.० आवृत्तीत साऱ्या गाभ्याला एकच मोठे कुलूप होते. त्याची जागा लहान लहान कुलपांनी घेतली आणि २०११ मध्ये ते पूर्णपणे गेले.

कुलूप कशासाठी, हे वर्गात सहज दाखवता येते. फळ्यावर ५ लिहा. दोन विद्यार्थ्यांना तो आकडा वाचून जागेवर जायला सांगा. प्रत्येकाने वहीत एक मिळवायचा आणि उत्तर फळ्यावर लिहायचे. दोघेही ६ लिहितील. हवे होते ७. दोघांचेही गणित बरोबर, तरी उत्तर चूक! आता नियम करा : ज्याच्या हाती खडू, त्यानेच वाचायचे आणि लिहायचे, मगच खडू दुसऱ्याला द्यायचा. फळ्यावर ७ येईल. त्या दोन ड्रायव्हरांनाही असाच एक खडू हवा होता.